पर्थच्या बुशलँडमध्ये काम करायचंय? आधी हात आवरा

पर्थला येऊन पर्यावरणात मास्टर्स केलेल्या मुलामुलींचे मेसेज अधूनमधून येतात. जीआयएस (संगणकावर नकाशे करण्याचं तंत्र) येतं, अहवाल लिहिता येतात, मग अर्जाला साधं उत्तरही का येत नाही? कारण बुशलँड, म्हणजे शहरात उरलेलं देशी रान, राखण्याच्या या क्षेत्रात आत शिरायची वाट बहुतेक वेळा गुडघ्यावर बसून तण काढण्यातून जाते. कंत्राटदारांच्या जाहिराती नीट वाचा. मॅन्युअल गाडीचं लायसन्स, तणनाशक हाताळण्याचं प्रशिक्षण, प्रथमोपचार आणि इथल्या वनस्पतींची ओळख. थीसिसचं नावही नसतं. मास्टर्सनंतर मी टेफमध्ये (सरकारी व्यवसाय-शिक्षण संस्थेत) सर्टिफिकेट थ्री या हातकामाच्या कोर्सला बसले तेव्हा घरी फोनवर सांगताना जीभ अडखळायची, एवढं शिकून माळीकाम! आता अडखळत नाही. म्हणजे, फारशी नाही.

नैऋत्य ऑस्ट्रेलिया जैवविविधतेचा हॉटस्पॉट का आहे, पर्थ ज्यावर वसलंय त्या स्वान कोस्टल प्लेनवरची बँक्सिया वुडलँड्स (बँक्सिया या देशी झाडांची रानं) 2016 मध्ये राष्ट्रीय कायद्याखाली संकटग्रस्त का ठरली, बुश फॉरएव्हर ही पर्थचं बुशलँड राखायची सरकारी योजना म्हणजे काय, हे तुम्ही वाचलेलं असणार. ते सोडून देते. तण कुठून आणि किती वेगाने काढायचं, या एकाच गोष्टीवर मात्र लांबण लावणार आहे, कारण तिच्यात माझे दोन हिवाळे गेले.

कोणत्याही फ्रेंड्स ग्रुपबरोबर (एखादी जागा सांभाळणाऱ्या स्थानिक स्वयंसेवकांबरोबर) पहिल्यांदा उतरलात की नजर सगळ्यात वाईट कोपऱ्याकडे जाते. रस्त्यालगत कमरेएवढं वेल्ड नावाचं तण-गवत, पलीकडे अरम लिली या कंदवाल्या फुलझाडाचं रान, कुंपणावरून फेकलेला कुणाच्या तरी लॉनचा कचरा. वाटतं, इथूनच सुरुवात करावी. उत्साही मंडळी तासाभरात ढीग लावतात, ढिगाशेजारी फोटो निघतात, अनुदान देणाऱ्यांना फोटो आवडतात. पुढच्या पावसाळ्यात, म्हणजे इथल्या हिवाळ्यात, तिथेच गवत जास्त दाट येतं.

असं का होतं ते समजून घ्या. वर दिसणारं गवत हा मामल्याचा छोटा भाग. खाली मातीत त्याच्या बियांचा साठा पडलेला असतो. तुम्ही सगळं उपटलंत की माती उकरली जाते, ऊन थेट जमिनीवर पडतं आणि त्या साठ्याला हवं ते सगळं एकदम मिळतं. आजूबाजूला देशी झाडोराच उरला नसेल तर मोकळी झालेली जागा घेणार कोण? तणच. अरम लिलीचं तर आणखी वाईट. पानं धरून ओढलीत की पानं हातात येतात, कंद खालीच. आपण काम केल्याचं समाधान घेऊन घरी जातो आणि ती पुन्हा फुटते.

याचं उत्तर सिडनीच्या जोन आणि आयलीन ब्रॅडली या बहिणींनी 1960 च्या दशकातच शोधलं होतं. त्यांनी मॉसमन भागातल्या बुशमध्ये काम करता करता तीन नियम बसवले. जिथे बुश चांगलं आहे तिथून सुरुवात करा आणि वाईटाकडे सरका. माती कमीत कमी हलवा. आणि तण काढायचा वेग तुम्ही ठरवू नका, देशी झाडं जितक्या वेगाने जागा भरतील तितकाच ठेवा. तिसरा नियम सगळ्यांना पाठ असतो आणि तोच सगळे मोडतात. आज एवढं काढलं, अजून दुपार बाकी आहे, चला पुढचंही काढू. नका काढू! मागच्या वर्षी साफ केलेल्या तुकड्यावर परत जा. तिथे नवं तण डोकावतंय, ते बोटभर असताना निघतं.

चांगल्या तुकड्यातलं काम दिसायला कंटाळवाणं असतं. वेल्डचं एखाद-दुसरं ठोंब. ते ओढू नका, आधी दोन्ही हातांनी फाका. बुडाशी लालसर-जांभळी झाक असलेल्या काड्या वेल्डच्या. त्यांच्यात कधीकधी चपटी, पंख्यासारखी पसरलेली कोवळी पानं सापडतात, ती कांगारू पॉ या देशी फुलझाडाची असू शकतात. मग सुरी वेल्डच्या गड्ड्याखाली तिरकी घालून तेवढंच कापून काढायचं, माती परत दाबायची, पंखा जिथल्या तिथे. ठोंब ओढलं असतं तर तोही गेला असता, आणि नर्सरीतून आणलेलं रोप लावून त्याची भरपाई होते असं मला वाटत नाही. रोपं लावण्याला माझा विरोध नाही. पहिला चांगला पाऊस झाला की जुलैपर्यंत जरूर लावा. पण जिथे बुश आपणहून उठतंय तिथे लावणं म्हणजे फोटोसाठीची हौस.

आता लोकांबद्दल. स्वयंसेवक ढिगासाठी येतात, हे मान्य करूनच नियोजन करा. दिवसभर सुरीने टुकटुक करायला सांगितलंत तर पुढच्या वेळी निम्मे येणार नाहीत. म्हणून मी सकाळी सगळ्यांना चांगल्या तुकड्यात नेते, शेवटचा अर्धा तास कडेच्या वेल्डचे तुरे बी पडायच्या आत छाटायला देते. पिशव्या भरतात, मंडळी खूश, मातीला धक्का नाही. ही थोडी चलाखी आहे, पण चालते.

तळ्याकाठच्या घरवाल्यांशी बोलणं जास्त अवघड. उन्हाळ्यात मिजचे (डासांसारख्या बारीक माश्यांचे) थवे आले की त्यांना तळं म्हणजे डोकेदुखी वाटते, आणि त्यांचं चुकत नाही. त्यांच्यापुढे जैवविविधतेचं प्रवचन लावू नका. पर्थची माती वाळूची आहे, लॉनवर टाकलेलं खत धरून ठेवत नाही, ते भूजलात उतरतं, आणि इथली बरीच तळी म्हणजे वर आलेलं भूजलच. खतावर शेवाळ वाढतं, शेवाळावर मिजच्या अळ्या. एवढी साखळी सांगितली की माणूस स्वतःच्या लॉनकडे बघतो. बदकांना पाव घालणाऱ्या आजोबांनाही तीच सांगा, फक्त नातवंडासमोर नको.

पाणथळीत उतरणार असाल तर पाणकणसाबाबत घाई अजिबात नको. इथे पाणकणसाच्या, म्हणजे टायफाच्या, दोन जाती भेटतात. ओरिएंटॅलिसला तण धरतात, डोमिंजेन्सिस देशी आहे, आणि दोघी लांबून सारख्याच दिसतात. खात्री झाल्यावरसुद्धा पक्ष्यांची घरटी असताना हात लावायचा नाही. कापायचं तर पाण्याच्या पातळीखाली, म्हणजे देठातून मुळांना जाणारी हवा तुटते. आणि हो, उन्हाच्या दिवसांत काठाच्या गवतात टायगर स्नेक हे विषारी साप असतात. गेटर्स (पोटऱ्यांवर बांधायचं जाड आवरण) घाला, पाय बघून टाका. घाबरून बसण्याचं कारण नाही, त्यालाही तुमच्यात रस नसतो.

ओळख पटवण्यासाठी फोनमधलं ॲप हे माझ्या मते नवशिक्याचं सगळ्यात मोठं नुकसान. नोंद ठेवायला आयनॅचरलिस्ट उत्तम, बेडकांच्या आवाजांसाठी फ्रॉगआयडीही. पण फूल नसलेलं, बोटभर उंचीचं रोप ॲपला बहुधा कळत नाही, आणि तुम्हाला ओळखायचं असतं तेच. त्यासाठी ग्रुपमधली एखादी सत्तरीची बाई गाठा. अशी एक तरी असतेच, बऱ्याचदा तिच्याकडे डिग्री नसते आणि ती फटकळ असते. तिच्या मागे बादली घेऊन फिरा. मोठमोठ्या पदांवरचे ‘मेंटॉर’ कॉफी पाजतात आणि लिंक्डइनवर शुभेच्छा देतात, त्यापुढे माझा तरी अनुभव गेलेला नाही. नोकरीसाठी शब्द टाकला तो बादलीवालीनेच.

पहिल्या दिवशी तण ओळखता आलं नाही तरी कोणी हसत नाही. चिखलाचे बूट घालून आलात तर मात्र परत पाठवतील, आणि बरोबरच करतील. फायटोफ्थोरा डायबॅक हा झाडं मारणारा रोग मातीतून पसरतो, डोळ्यांना दिसत नाही, आणि बँक्सिया त्याला पटकन बळी पडते. एकदा जागेत शिरला की त्याला बाहेर काढायचा उपाय नाही. बूट आदल्या रात्री कोरडे घासा, खाचांमधली माती टोकदार काडीने काढा, मग मेथिलेटेड स्पिरिट मारा. सुरी आणि फावडंही तसंच. एका दिवसात दोन जागांवर जाणार असाल तर मधे पुन्हा. ग्रुपला ईमेल मार्च-एप्रिलमध्येच करा, पावसाळ्याची कामं तेव्हाच ठरतात. सोबत सीव्ही जोडू नका, कोणत्या दिवशी येऊ शकता तेवढं लिहा.