झाडं लावायला निघालात? आधी या चुका टाळा

जून जवळ आला की फोन सुरू होतात, रोपं कुठे मिळतील, खड्डा किती फुटांचा, बॅनर कुठे लावू. जागा कसली आहे हे कुणी आपणहून सांगत नाही. २०१७ ते २०१९ मध्ये राज्याने ५० कोटी झाडांचं टार्गेट ठेवलं होतं, आकड्यांचं वेड तेव्हापासून जरा जास्तच वाढलंय.

सगळ्यात मोठी चूक, माळाला ओसाड समजणं. पुणे, नगर, सोलापूरकडचे बरेच गवताळ माळ मुळातच तसे आहेत, तिथलं जंगल कुणी तोडलेलं नाही. चिंकारा, लांडगा, धाविक पक्षी यांचं ते घर आहे आणि माळढोक तर अशा माळांवरून जवळपास संपलाच. आमच्याकडे एका ग्रुपने जेसीबी लावून अख्खा माळ खणला आणि गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया, बाहेरून आणलेलं झाड) लावलं, का तर पटकन वाढतं आणि गुरं तोंड लावत नाहीत. एक धनगर मामा बांधावर उभे राहून सांगत होते, "बाबांनो, पवन्या गवत हाय ह्यो, मुळासकट काढताय, मेंढरं कुठं न्यायची आम्ही?" कुणी लक्ष दिलं नाही, फोटो चालू होते. पुढच्या उन्हाळ्यात निम्मी रोपं वाळली, जगली त्यांच्याखाली गवत येईना, आणि खड्ड्यांची मोकळी माती वळवाच्या पहिल्या पावसात ओढ्याला गेली. हवामानासाठी झाडं लावतोय म्हणता, पण गवत कार्बन जमिनीखाली मुळांत आणि मातीत साठवतं, तोच तुम्ही उकरून काढला की.

मी नर्सरीत नंतर जातो, आधी जागेवर, एकदा भर मे महिन्यात आणि एकदा सप्टेंबरात, आणि तिथे जनावरं चारणाऱ्याशी निवांत बोलतो. वर्ष गेलं तर जाऊ दे. एवढा धीर नसेल त्यांनी रस्त्याकडेला वड-पिंपळ लावावेत आणि तीन उन्हाळे पाणी घालावं, तेही मोठंच काम आहे.

दुसरं, देवराई, म्हणजे देवाच्या नावाने राखलेलं जंगल, "स्वच्छ" करणं. पालापाचोळा झाडून पेटवतात, पेव्हर ब्लॉक बसवतात, देवळाला स्लॅब टाकतात. एकदा मी तो झाडलेला ढीग उकरून बघितला तर आत बेहड्याची दोन-दोन पानांची रोपं होती, पुढची पिढीच कचऱ्यात. जिथे वाळकी काटकीसुद्धा उचलायची नाही असा जुना नेम, तिथे खराटा कशाला हवा? प्लास्टिक उचला आणि बाहेर या.

ग्रामसभेला न विचारता गावाचं जंगल "वाचवायला" जाऊ नका. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनहक्क मिळाला, आणि ते लोक त्याच्या कितीतरी आधीपासून जंगल राखत होते.

सीडबॉल (बिया घातलेले मातीचे गोळे) कुठेही फेकू नका, सुबाभूळ तर नकोच.

आणि वणवा लागल्यावर धावण्यापेक्षा जाळरेषा (आग पुढे सरकू नये म्हणून गवत-पाला काढून मोकळा केलेला पट्टा) जानेवारीतच काढून ठेवा, मार्चमध्ये वारा सुटल्यावर झाडाच्या फांद्यांनी आग आवरत नाही.