छोट्या पक्षाची नोंदणी कशामुळे जाते? या चुका टाळा

ऑगस्ट आणि सप्टेंबर 2025 मध्ये भारत निवडणूक आयोगाने आधी 334 आणि मग 474 नोंदणीकृत, पण मान्यता नसलेले (मान्यतेपुरती मतं किंवा जागा न मिळालेले) पक्ष यादीतून काढले. सलग सहा वर्षं लोकसभा किंवा विधानसभेची एकही निवडणूक लढवली नाही, हे मुख्य कारण. महाराष्ट्राला हे नवं नाही. 2016 मध्ये राज्य निवडणूक आयोगाने 191 पक्षांची नोंदणी रद्द केली होती. तेव्हा कारण होतं लेखापरीक्षित हिशोब आणि आयकर विवरणपत्र न देणं.

अशा पक्षांत काही पक्ष नावापुरतेच असतात, हे खरं. पण वस्तीत पाण्यासाठी, घरांसाठी वर्षानुवर्षं धडपडणारे पक्षही याच कचाट्यात सापडतात, आणि त्याचं वाईट वाटतं. तिथे सहसा लबाडी नसते. कोणता कागद कोणी, कधी द्यायचा हे कुणाच्याच नावावर लिहिलेलं नसतं. सरचिटणिसांना वाटतं खजिनदारांनी दिलं, खजिनदारांना वाटतं सीएने भरलं.

पालिका लढवली, म्हणजे झालं असं समजणं

मुंबईतल्या पक्षांची ही सर्वांत महागात पडणारी समजूत. भारत निवडणूक आयोगाकडची नोंदणी लोकप्रतिनिधित्व अधिनियम 1951 च्या कलम 29अ खाली होते. महापालिका, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. मंत्रालयासमोरच्या नवीन प्रशासकीय भवनातलं हे कार्यालय वेगळं, नोंदणी वेगळी, हिशोबही तिथे वेगळा द्यायचा. मुंबईच्या 227 प्रभागांत पक्षाने ताकदीने उमेदवार दिले, तरी दिल्लीच्या नोंदीत ती निवडणूक धरली जात नाही.

म्हणून सहा वर्षं भरण्याआधी विधानसभेची किंवा लोकसभेची निदान एक जागा, पोटनिवडणूक असली तरी, पक्षाच्या नावावर लढवा. विधानसभेची अनामत 10,000 रुपये आहे, अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराला 5,000. एबी फॉर्म, म्हणजे ‘हा आमचा अधिकृत उमेदवार’ असं पक्षाच्या सहीने सांगणारे कागद, वेळेत न पोचल्याने तुमचा माणूस अपक्ष म्हणून लढला, तर ती निवडणूक पक्षाच्या खात्यात जमा होत नाही.

चाळ पाडली, पत्ता तोच राहिला

पक्षाचा नोंदणीकृत पत्ता म्हणजे बहुतेक वेळा संस्थापकाची खोली. इमारत पुनर्विकासाला जाते, संस्थापक बोरिवलीहून विरारला राहायला जातात, आणि भारत निवडणूक आयोगाचं पत्र पाडलेल्या इमारतीच्या पत्त्यावरून परत जातं. पडताळणीला आलेल्या माणसाला पत्र्याचं कुंपण दिसतं. ऑगस्ट 2025 च्या कारवाईत कार्यालयच न सापडणं हेही कारण होतं.

कलम 29अ(9) प्रमाणे नाव, मुख्य कार्यालय, पदाधिकारी किंवा पत्ता बदलला की आयोगाला विनाविलंब कळवायचं असतं. त्यासाठी कार्यकारिणीचा ठराव, नव्या जागेच्या मालकाचं ना-हरकत पत्र किंवा नोंदवलेला भाडेकरार, आणि अध्यक्षांच्या सहीचं पत्र असा संच तयार करा. महाराष्ट्रात 11 महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करारही नोंदवावाच लागतो. नोटरी केलेल्या साध्या कागदावर विसंबू नका. निवासी सोसायटीत कार्यालय असेल तर बोर्ड लावण्याची परवानगी लेखी घ्या. पत्र स्पीड पोस्टाने निर्वाचन सदन, अशोक रोड, नवी दिल्ली इथे पाठवा आणि प्रत राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांना (हे भारत निवडणूक आयोगाचं काम पाहतात, राज्य निवडणूक आयोगाचं नाही) द्या. दोन्हींच्या पोचपावत्या फाइलला लावा. हीच पावती पुढे बँकेत सह्या बदलतानाही उपयोगी पडते.

पैसा: रोख, क्यूआर आणि विसरलेली बेरीज

आयकरातली सूट पक्षाला आपोआप मिळत नाही. 1961 च्या आयकर कायद्याच्या कलम 13अ मध्ये तिच्या अटी ठरलेल्या होत्या: हिशोबाची पुस्तकं ठेवा, 20,000 रुपयांवरच्या प्रत्येक देणगीदाराचं नाव-पत्ता नोंदवा, सीएकडून लेखापरीक्षण करून घ्या, 2,000 रुपयांपेक्षा जास्त देणगी रोखीत घेऊ नका, आणि विवरणपत्र मुदतीत भरा. 1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा लागू झाल्याने कलमांचे आकडे बदलले आहेत, त्यामुळे नवं पावती पुस्तक छापण्याआधी सीएला मजकूर दाखवा.

मुदतीला किती वजन आहे याचं मोठं उदाहरण समोर आहे. आकारणी वर्ष 2018-19 चं काँग्रेसचं विवरणपत्र 31 डिसेंबर 2018 ऐवजी 2 फेब्रुवारी 2019 ला भरलं गेलं. 199 कोटींवर मागितलेली सूट नाकारली गेली, आणि जुलै 2025 मध्ये आयकर अपील न्यायाधिकरणाने तो निर्णय कायम ठेवला. एवढ्या मोठ्या पक्षाला जी सवलत मिळाली नाही, ती शाखेपुरत्या पक्षाला मिळेल असं धरू नका.

प्रत्यक्षात चूक होते ती अशी. शाखेतला कार्यकर्ता स्वतःच्या फोनवरचा क्यूआर कोड दाखवून वर्गणी घेतो. पैसा त्याच्या वैयक्तिक खात्यात, पावती पक्षाची. दोन्हींचा मेळ वर्षअखेरीस बसत नाही. क्यूआर फक्त पक्षाच्या चालू खात्याचाच असावा आणि तो छापून प्रत्येक शाखेत लावावा. दुसरी चूक बेरजेची. एखादा दुकानदार दरमहा 1,900 रुपये देतो. प्रत्येक पावती 2,000 च्या आत, म्हणून कुणी लक्ष देत नाही. पण वर्षाचे 22,800 होतात आणि त्याचं नाव नमुना 24अ मध्ये, म्हणजे मोठ्या देणग्यांच्या आयोगाला द्यायच्या अहवालात, जायला हवं. 20,000 ची मर्यादा एका आर्थिक वर्षातल्या एकूण रकमेला आहे, एका पावतीला नाही.

पावती पुस्तकांची नोंदवही ठेवा: पुस्तक क्रमांक, पावती कुठून कुठपर्यंत, कोणत्या शाखेला दिलं, कधी परत आलं. 31 मार्चला सगळी पुस्तकं, कोरी पानंसुद्धा, परत मागवा. फाटलेली किंवा रद्द पावती तीन प्रतींसह पुस्तकातच राहू द्या. मंडप, टेंपो, छपाई फुकट मिळाली तरी तिची किंमत धरून नोंद करा.

‘चेक घ्या, कमिशन कापून रोख परत द्या’ असा प्रस्ताव घेऊन कुणी आलं तर त्याला दारातूनच परत पाठवा. पक्षाला देणगी देणाऱ्याला जुन्या कायद्याच्या कलम 80जीजीसीखाली मिळणाऱ्या करवजावटीसाठी चालणाऱ्या या धंद्यावरून आयकर खात्याने सप्टेंबर 2022 मध्ये छोट्या पक्षांवर देशभर छापे घातले होते.

वार्षिक लेखापरीक्षित हिशोबाची आणि नमुना 24अ ची तारीख 31 ऑक्टोबर धरा. काम मात्र जूनमध्येच सीएकडे द्या. निवडणूक खर्चाचं विवरण विधानसभेनंतर 75 दिवसांत, लोकसभेनंतर 90 दिवसांत. एकही रुपया खर्च झाला नसला तरी शून्याचं विवरण द्या. उमेदवाराचा स्वतःचा हिशोब निकालापासून 30 दिवसांत जातो, आणि तो चुकला तर तीन वर्षांची अपात्रता येऊ शकते. हे दोन हिशोब वेगळे आहेत, एकाने दुसरा भागत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवरचा ठराव आणि दोन अध्यक्ष

पक्षात भांडण झालं तर आयोग निवाडा करेल, असं बरेच जण मानतात. चिन्ह आदेश 1968 मधला परिच्छेद 15, ज्याखाली फुटीचे वाद आयोगापुढे चालतात, तो मान्यताप्राप्त पक्षांसाठी आहे. मान्यता नसलेल्या पक्षातल्या दोन गटांना दिवाणी न्यायालयात जावं लागतं, आणि तोवर एबी फॉर्मवर सही कुणाची हे अधांतरी राहतं. न्यायालय मागतं ते इतिवृत्त, हजेरी, सूचनापत्र आणि सदस्य नोंदवही. ग्रुपवर आलेले अंगठे तिथे फार टिकत नाहीत.

पक्षाच्या घटनेप्रमाणे अंतर्गत निवडणूक जास्तीत जास्त पाच वर्षांनी घ्यायची असते. ही तारीख उलटली की जुन्या कार्यकारिणीचा प्रत्येक ठराव वादात ओढता येतो. म्हणून बैठकीची सूचना घटनेत लिहिल्याइतके दिवस आधी पाठवा, गणपूर्तीचा आकडा इतिवृत्तात लिहा, पानांना क्रमांक द्या, सह्या त्याच दिवशी घ्या. नोंदवही, शिक्का, पॅन, पोर्टलचा पासवर्ड हे सगळं एकाच माणसाच्या घरी नको. पक्षाचे हिशोब ऑनलाइन भरायच्या आयोगाच्या आयईएमएस पोर्टलला ज्याचा मोबाइल जोडलेला आहे तो पक्ष सोडून गेला, की ओटीपीही त्याच्याकडेच जातो.

अर्जाच्या दिवशी

लोकसभा-विधानसभेला फॉर्म ए आणि फॉर्म बी अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी 3 पर्यंत निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांकडे पोचायला हवेत. सही मूळ, शाईची. स्कॅन किंवा सहीचा शिक्का चालत नाही. अध्यक्ष गावी असतील तर सही आधीच घेऊन ठेवा, लोकलच्या भरवशावर दीड वाजता निघू नका. मान्यता नसलेल्या पक्षाच्या उमेदवाराला 10 सूचक (अर्जावर त्याचं नाव सुचवून सही करणारे) लागतात आणि सगळे त्याच मतदारसंघाचे मतदार हवेत. मुंबईत इथेच गडबड होते, कारण राहणारा माणूस धारावीत आणि नाव अजून कोकणातल्या गावच्या यादीत. 14-15 सूचक तयार ठेवून त्यांचा यादी भाग व अनुक्रमांक आदल्या आठवड्यात तपासा.

सर्व उमेदवारांना एकच चिन्ह हवं असेल तर राज्यातल्या किमान 5 टक्के जागा लढवाव्या लागतात. 288 च्या विधानसभेत म्हणजे 15. जानेवारी 2024 पासून या अर्जासोबत मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशोब आणि मागच्या दोन निवडणुकांची खर्च विवरणं मागितली जातात. पत्रकांवर मुद्रक-प्रकाशकाचं नाव-पत्ता टाकायला विसरू नका. मुंबई राजधानी असल्याने छापखान्याने त्याच्या प्रती मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे पाठवायच्या असतात.

आधीच चुकलं असेल तर

सगळ्यात आधी बँकेकडून मागच्या तीन आर्थिक वर्षांची विवरणं काढा. पावत्या हरवल्या असल्या तरी जमा-खर्चाचा सांगाडा तिथे मिळतो. मग सीएकडून वर्षनिहाय लेखापरीक्षण करून घ्या आणि उशिराचं कारण एका पानात लिहून हिशोब दाखल करा. त्या वर्षांची आयकर सूट गेली असेल, ती धरून कराची तरतूद करा. कारणे दाखवा नोटीस आली तर दिलेल्या तारखेला प्रतिनिधी मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांपुढे हजर राहायलाच हवा, सोबत मूळ कागद आणि अधिकारपत्र. यादीतून काढल्याचा आदेश निघाला असेल तर त्यावर आयोगाकडे अपील करायला 30 दिवस मिळतात. मोजणी आदेशाच्या तारखेपासून धरा.