चॅटचं ठिकाण निवडताना आधी मागचं दार बघा

‘सेव्ह’ला ‘जतन करा’ म्हणायचं की ‘साठवा’, यावर मुक्त सॉफ्टवेअरचं मराठी भाषांतर करणाऱ्या आमच्या गटात एका शनिवारी रात्री चॅटवर अडीच तास जुंपली होती. ‘जतन करा’ जिंकलं. तीन वर्षांनी नव्याने आलेल्या मुलीने “असं का?” विचारलं, तर ती चर्चा कुठेच सापडेना. गट उघडणाऱ्याने फोन बदलला होता, बाकीच्यांनी ते ॲपच काढून टाकलं होतं. वाद पुन्हा पहिल्यापासून. या खेपेला चार तास.

म्हणून मुक्त सॉफ्टवेअरच्या (ज्याचा कोड कुणालाही वाचता-बदलता येतो) प्रकल्पासाठी चॅट निवडायचं असेल, तर स्टिकर आणि डार्क मोड नंतर बघा. उद्या इथून उठायचं झालं तर जुनं बोलणं सोबत नेता येईल का, ते आधी. पाच-पन्नास संदेश टाका, एक्सपोर्ट करा (म्हणजे फाइल म्हणून उतरवून घ्या) आणि ती फाइल उघडून बघा: तारखा, नावं, कोण कुणाला उत्तर देतंय, हे शाबूत आहे का? अर्ध्या तासाचं काम, पण कुणी करत नाही.

फुकट योजनेच्या अटी बदलणार, असं धरूनच चाला. स्लॅक या चॅट ॲपवर फुकटात आधी शेवटचे १०,००० संदेश दिसायचे. सप्टेंबर २०२२ पासून ९० दिवसांचेच दिसतात. आमच्यातला एक जण दिवाळीत काम करून जातो तो थेट गुढीपाडव्याला उगवतो. त्याला ९० दिवस कसे पुरणार?

मालकी कुणाची, तेही विचारा. आयआरसी ही मजकुरी चॅटची जुनी पद्धत. तिच्यावर चालणाऱ्या फ्रीनोड या नेटवर्कचा ताबा कुणाकडे यावरून मे २०२१मध्ये वाजलं. ते चालवणारे स्वयंसेवक बाहेर पडले आणि त्यांनी लिबेरा चॅट उभं केलं. आयआरसी १९८८पासूनचा उघडा प्रोटोकॉल, म्हणजे कुणालाही वापरता येणारे संवादाचे नियम, त्यामुळे लोकांना सर्व्हरचा पत्ता बदलून, टोपणनाव पुन्हा नोंदवून जुन्याच ॲपवरून पुढे जाता आलं. यातून मी एक सवय उचलली: चॅटचा थेट दुवा कुठेच छापायचा नाही. प्रकल्पाच्या स्वतःच्या डोमेनवर एक पत्ता ठेवायचा, तो हवा तिकडे वळवायचा.

माझं मत झुलिप या चॅट ॲपला. तिथे प्रत्येक संदेशाला चॅनलखाली विषय असतो, म्हणून ‘सेव्ह’चा वाद ‘सेव्ह’खालीच राहतो, भरकटलेले संदेश नंतर हलवताही येतात. सार्वजनिक चॅनल खातं न काढता वाचायला ठेवता येतं. सॉफ्टवेअर मुक्त आहे, सगळा डेटा उचलून स्वतःच्या सर्व्हरवर नेता येतो. नव्या माणसाला पहिले दोन दिवस ते परीक्षेच्या फॉर्मसारखं वाटतं, हे मात्र खरं.

मॅट्रिक्स हे चॅटचं उघडं जाळंही चांगलं, पण तिथल्या सार्वजनिक खोलीत (म्हणजे गटात) एन्क्रिप्शन, म्हणजे संदेशांना कुलूप, लावू नका. एकदा लावलं की काढता येत नाही, आणि नव्याने आलेल्याला जुनं वाचता येत नाही. व्हॉट्सॲप ‘रविवारी किती वाजता?’ एवढ्यापुरतं ठीक. साध्या गटात सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात, त्यामुळे आमच्याकडे दोघीजणी आल्याच नाहीत.

कुठेही गेलात तरी ॲडमिन किमान दोन, एका घरातले नकोत. आणि ठरलेला शब्द त्याच रात्री रेपॉझिटरीतल्या (प्रकल्पाच्या फाइली राहतात तिथल्या) शब्दसूचीत, कारणासकट. जो वाद जिंकेल त्यानेच ते लिहायचं, असा आमचा नियम आहे. हल्ली वाद पाऊण तासात आटोपतात.