केमनला नवीन आलाय? मोठ्या हॉटेलात जेवायला जायच्या आधी हे वाचा

दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी नवीन मराठी माणूस कॅरिबियनमधल्या ग्रँड केमन बेटावर येतो, बहुतेक सीए नाहीतर हॉटेल लाईनमधला, आणि घर, गाडी, शाळा सगळं विचारून झालं की हळूच विचारतो, ऑफिसच्या लोकांनी डिनरला बोलावलंय, तिथे काय करायचं असतं? मला इथे आठवं वर्ष चालू आहे, आणि तेच तेच सांगून कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

आधी एक लक्षात घ्या. जेमतेम ३५ किलोमीटर लांब बेट आहे, पण इथे बँका, फंड, वकील आणि पैसेवाले टुरिस्ट एवढे आहेत की भारी रेस्टॉरंट्सची रांग लागलीये. त्यामुळे फाईन डायनिंग हा नुसता शौक राहत नाही, क्लायंट आला की जावंच लागतं, कोणी नोकरी सोडून चाललं की जावंच लागतं. टाळता येणार नाही, मग शिकून घेतलेलं बरं. आणि हो, आपण खायच्या जागेला 'हॉटेल' म्हणतो ते इथे चालत नाही, मी पहिल्या आठवड्यात बॉसला म्हणालो की काल एका हॉटेलात गेलो होतो, तर तो काळजीने विचारतो, का रे, फ्लॅटमधे काही प्रॉब्लेम आहे का?

आता सगळ्यात महत्त्वाचं, बिल. मेन्यूवर नुसता डॉलर लिहिलेला असतो, पण तो बहुतेक वेळा केमनचा डॉलर असतो, अमेरिकेचा नाही. सरकारी दराने १ केमन डॉलर म्हणजे १.२० अमेरिकन डॉलर. रोख अमेरिकन नोटा दिल्या तर दुकानात आणि रेस्टॉरंटमधे १ डॉलरचे केमनचे ८० सेंट धरतात, म्हणजे अजून थोडं महाग. दुसरं, बिलात बहुतेक ठिकाणी १५ टक्के ग्रॅच्युइटी, म्हणजे टीपच, आधीच लावलेली असते. आम्ही दोघं पहिल्यांदा गेलो (कुठे ते सांगत नाही, गाढवपणा माझाच होता) तेव्हा १४० केमन डॉलरचं खाणंपिणं, त्यावर २१ ग्रॅच्युइटी, असं १६१ चं बिल आलं, मी चष्मा लावला नव्हता, वरून मोठ्या मनाने ३० टीप ठेवली, आणि घरी येऊन कार्डचा मेसेज बघतो तर जवळपास २३० अमेरिकन डॉलर गेलेले. बायको दोन दिवस धड बोलली नाही. तेव्हा बिलाच्या खालच्या तीन ओळी नीट वाचा, वेटर समोर उभा असला तरी वाचा, त्याला त्यात काही वाटत नाही. सर्व्हिस खरंच आवडली तर वर थोडं ठेवा, पण बघून.

एवढं महाग का, तर इथे पिकत जवळपास काही नाही, सगळं बोटीने नाहीतर विमानाने येतं आणि बऱ्याचशा मालावर २२ टक्के आयात ड्युटी. इन्कम टॅक्स नाही म्हणून आपण खुश असतो, तो असा ताटातून वसूल होतो. पाण्याचं मात्र सांगून ठेवतो, बसल्या बसल्या विचारतात स्टिल (साधं बाटलीचं) की स्पार्कलिंग (सोड्यासारखं), दोन्हीचे पैसे पडतात. सरळ टॅप वॉटर मागा. समुद्राचं पाणी गोडं करून नळाला येतं, चांगलं असतं, आम्ही घरी तेच पितो.

कपड्यांचं म्हणाल तर बीचवरचं बेट म्हणून चप्पल आणि हाफ पँट घालून जाऊ नका. सेव्हन माईल बीचवर रिट्झ-कार्लटन हॉटेलमधे एरिक रिपेर या शेफचं 'ब्लू' आहे, न्यूयॉर्कला तीन मिशेलिन स्टार (रेस्टॉरंटला मिळणारा सगळ्यात मोठा मान) असलेलं ल बर्नार्दँ त्याचंच, तिथे पुरुषांना फुल पँट, बूट, कॉलरचा शर्ट हवाच. कोट-टायची मात्र गरज नाही. बायकांनी साडी नेसली तरी छान दिसते, पण शाल घेऊन जा, बाहेर घामाच्या धारा आणि आत एसी असा की दात वाजतात. बाहेर टेबल घेतलं तर उलटं, संध्याकाळी डास आणि डोळ्याला न दिसणाऱ्या बारीक माश्या पाय फोडून काढतात, स्प्रे मागितला तर देतात.

सेव्हन माईल बीच पश्चिमेला आहे (आणि सात मैल नाहीये, साडेपाचच आहे), म्हणून सूर्यास्ताचं टेबल सगळ्यांना हवं असतं. डिसेंबरमधे सहाच्या आत सूर्य बुडतो, जूनमधे सातनंतर, त्या हिशोबाने बुकिंग करा. डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत सीझन, नाताळच्या आठवड्यात आयत्या वेळी गेलात तर उभं करणार नाहीत. जानेवारीत रिट्झमधे केमन कुकआउट असतं, जगभरचे शेफ येतात, रेट बघून मी लांबूनच नमस्कार करतो. उलट सप्टेंबर-ऑक्टोबरमधे वादळांचे दिवस, बरीच रेस्टॉरंट्स रंगरंगोटीला बंद. पण ऑक्टोबरमधेच रेस्टॉरंट मंथ असतो, ठरलेल्या भावात तीन कोर्सचं जेवण, नवीन माणसाने सुरुवात तिथूनच करावी असं माझं मत.

मासे खाणाऱ्यांची चैन आहे. वाहू म्हणजे आपल्या सुरमईचा चुलतभाऊच समजा, फक्त हे लोक तो बाहेरून शेकून मधे कच्चा ठेवतात, नको असेल तर आधीच सांगा, पूर्ण शिजवून हवा म्हणून. लायनफिश दिसला तर जरूर घ्या, काटे विषारी पण मांस पांढरं, गोडसर. हा मासा मूळचा इकडचा नाही, आपल्याकडच्या समुद्रांतला, इथे येऊन बाकीचे मासे फस्त करत सुटलाय, म्हणून डायव्हर्स तो मारून आणतात आणि शेफ लोक प्लेटमधे घालतात. इथल्या लॉबस्टरचा सीझन फक्त डिसेंबर ते फेब्रुवारी आणि शंखाचा, म्हणजे कॉन्कचा, नोव्हेंबर ते एप्रिल. इतर वेळी मेन्यूवर दिसलं तर ते बाहेरचं, विचारून घ्या.

शाकाहारी मंडळींनो, नुसतं व्हेजिटेरियन म्हणून भागत नाही, रिसोट्टोत (इटालियन मऊ भातात) माशाचा स्टॉक, म्हणजे उकळलेलं पाणी, असतो, सॅलडवर अँचोव्ही नावाचे छोटे खारे मासे. आदल्या दिवशी फोन करून मासे नाही, चिकन स्टॉक नाही, अंडं चालतं की नाही, असं एकेक सांगा. मग शेफ खरंच वेगळं काहीतरी करून देतात. चतुर्थीचं कसं समजावायचं ते मला अजून जमलेलं नाही.

रविवारी सुपरमार्केट आणि दारूची दुकानं बंद असतात, शनिवारी दूध आणायला विसरलात तर काळा चहा. म्हणून अख्खं बेट रविवारी ब्रंचला जातं, तीन-तीन तास. तिथे पिणंही होतं, म्हणून गाडी घरी ठेवून जा, टॅक्सी महाग आहे तरी टॅक्सीनेच जा.

शेवटचं एक. मराठीत बोललं की कोणाला कळत नाही अशा भ्रमात राहू नका. मागच्या वर्षी लग्नाच्या वाढदिवसाला गेलो, पहिली प्लेट आली, मोठ्या थोरल्या बशीत मधोमध एक शिंपला आणि दोन थेंब सॉस. बायको पुटपुटली, "एवढुसं? यापेक्षा जास्त तर मी चव बघायला घेते." वेटरने ग्लासात पाणी ओतता ओतता अगदी हळू म्हटलं, "ताई, अजून सहा यायचेत." सावंतवाडीचा पोरगा निघाला, आधी क्रूझवर होता. सातव्या कोर्सला बायकोने खरंच हात टेकले, आणि त्याने बिलाबरोबर एका छोट्या डब्यात चार चॉकलेटं जास्तीची घालून दिली.