पुणे आकाशवाणीचा इतिहास कसा जुळवावा

२ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झालेल्या आणि ७९२ किलोहर्ट्झ या मध्यम लहरीवर पिढ्यानपिढ्या ऐकल्या गेलेल्या पुणे केंद्राचा इतिहास लिहिताना अधिकाऱ्यांच्या नेमणुकांऐवजी कार्यक्रमपत्रिकेपासून सुरुवात करावी, कारण केंद्राचे बदलते रूप तिथेच दिसते. पुणे नगर वाचन मंदिरासारख्या जुन्या ग्रंथालयांत चौकशी करून दैनिकांच्या जुन्या अंकांतील, प्रत्येक दशकातील निदान एका आठवड्याचे कार्यक्रम उतरवावेत आणि शेती, संगीत, श्रुतिका यांना किती वेळ मिळाला ते मांडावे.

दोन टप्प्यांवर मात्र थांबावेच. १९५५ च्या रामनवमीपासून ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ याच केंद्रावरून दर आठवड्याला एक गीत याप्रमाणे वर्षभर प्रसारित झाले. माझ्या मते केंद्राच्या इतिहासातील हे सर्वांत मोलाचे प्रकरण आहे. पुढे १९६७ मध्ये मुंबई, नागपूर आणि पुणे येथे विविध भारतीवर जाहिराती आल्या, त्यामुळे त्याआधीच्या व नंतरच्या पत्रिका शेजारी ठेवून वाचाव्यात.

वृद्ध श्रोत्यांना ‘तेव्हा कसे होते’ असे मोघम न विचारता, सकाळी कोणत्या कार्यक्रमाला घरात काय चालू असे, हे विचारावे आणि त्यांनी सांगितलेली वेळ पत्रिकेशी ताडून पाहावी.