न उघडणाऱ्या फाइली उघडताना

मामा गेल्यावर त्याने लिहिलेल्या आठवणींचा फोल्डर माझ्याकडे आला. चाळीसेक फाइली, सगळ्यांच्या नावाला 'डब्ल्यूपीएस' हे शेपूट (नावाच्या शेवटी टिंबानंतर येणारी अक्षरं), आणि एकही उघडेना. आज त्या सगळ्या मी मोबाइलवरही वाचते. ते कसं जमलं हे सविस्तर लिहिते आहे, कारण अशा फाइली 'खराब झाल्या' समजून डिलीट होतात आणि त्याचं मला फार वाईट वाटतं.

आधी सगळ्या फोल्डरची कॉपी करा आणि मूळ फोल्डरला हात लावू नका. अनोळखी फाइल भलत्याच प्रोग्राममध्ये उघडून चुकून सेव्ह झाली, तर मजकूर कायमचा जातो.

मग फाइल कोणत्या जातीची आहे ते शोधा. शेपटावर विसंबू नका. डब्ल्यूपीएस हे शेपूट मायक्रोसॉफ्ट वर्क्स हा जुना प्रोग्रामही लावायचा आणि किंगसॉफ्ट कंपनीचा रायटर हा लेखनाचा प्रोग्रामही लावतो. खरी ओळख फाइलच्या पहिल्या काही बाइटमध्ये असते आणि ती कुठल्याही हेक्स एडिटरमध्ये (फाइलीतले कच्चे बाइट दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये) दिसते. तिथे 'पीके' दिसलं तर ती आतून झिप फाइल आहे. 'पीके' म्हणजे झिप हा प्रकार तयार करणाऱ्या फिल कात्झची आद्याक्षरं. कॉपीचं शेपूट बदलून झिप करा आणि उलगडा, आतले फोटो आणि मजकूर सुटे मिळतात. ॲपलच्या पेजेस या लेखनाच्या प्रोग्रामच्या जुन्या फाइलींत पुष्कळदा आयती पीडीएफच सापडते. मामाच्या फाइलींची सुरुवात डी०, सीएफ, ११, ई० अशी होती. रोमन लिपीत हे सलग लिहिलं की 'डॉकफाइल' असं वाचता येतं. ही मायक्रोसॉफ्टच्या जुन्या पेटीची खूण. जुन्या वर्ड-एक्सेलच्या फाइलीही याच पेटीत असायच्या. म्हणजे पेटी कळली, आतला माल नाही. त्यासाठी ब्रिटनच्या नॅशनल आर्काइव्ह्जचं 'ड्रॉइड' हे मोफत साधन आहे.

उघडायला पहिली पसंती लिब्रेऑफिस या मोफत ऑफिस प्रोग्रामला. वर्क्स, वर्डपरफेक्ट, पब्लिशर, अगदी पेजमेकरच्या फाइलीही ते बऱ्यापैकी वाचतं. फाइल किंगसॉफ्टची निघाली तर कॉपीचं शेपूट 'डॉक' करून पाहा, बहुतेक वेळा उघडते. गाणी आणि व्हिडिओंचं रूपांतर करायला एफएफएमपेग हे मोफत साधन पुरेसं आहे.

मामाच्या फाइली लिब्रेऑफिसमध्ये उघडल्या, पण पानभर रोमन अक्षरांचा गोंधळ. इथे घाबरू नका. त्या काळी मराठी युनिकोडमध्ये (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या आजच्या पद्धतीत) नव्हे, फॉन्टच्या आधाराने लिहिलं जायचं. कृतिदेव या फॉन्टमध्ये 'काम' हा शब्द फाइलीत डी, के, ई या तीन रोमन अक्षरांनी साठवलेला असतो. फॉन्ट फक्त त्यांना मराठी रूप देतो. त्यामुळे नुसती पीडीएफ करून भागत नाही, त्यात शोधही घेता येत नाही. मजकूर निवडा आणि फॉन्टच्या चौकटीतलं नाव वाचा. फॉन्ट तुमच्याकडे नसला तरी नाव तिथे असतं. ते लिहून घेईपर्यंत फॉन्ट बदलू नका, नाहीतर एकुलता एक धागा हातचा जाईल. मग नेमक्या त्याच फॉन्टचा युनिकोड कन्व्हर्टर घ्या. घरातलं खासगी लिखाण असेल तर नेट बंद करूनही चालणारा घ्या. मजकुरात खरंखुरं इंग्रजी असेल तर तेवढं वगळून रूपांतर करा, नाहीतर त्याचीही 'मराठी' होऊन बसते.

सेव्ह करताना दोन प्रती ठेवा: पुढे दुरुस्ती करायला ओडीटी (लिब्रेऑफिसचा प्रकार) किंवा डॉकएक्स (वर्डचा प्रकार) आणि जपून ठेवायला पीडीएफ-ए, म्हणजे दीर्घकाळ जतन करण्यासाठीची पीडीएफ. मूळ फाइलीही त्यांच्या शेजारीच ठेवा, उद्या याहून चांगला कन्व्हर्टर मिळू शकतो.

आता वाचन, आणि इथे कंटाळा करू नका. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये नंतर. रफाराचं नेमकं उलटं. कन्व्हर्टर चुकतो तो याच दोन जागी. मामाच्या पहिल्याच पानावर 'कर्ज'चं 'कजर्' झालं होतं. शोधाच्या चौकटीत 'र्' आणि त्यापुढे एक रिकामी जागा टाका. शब्दाच्या शेवटी अडकलेले रफार असे एकेक करून सापडतात. वेलांट्या मात्र डोळ्यांनीच तपासाव्या लागल्या. मी रोज दोन फाइली वाचायचे, मोठ्याने.