व्हीएत येणाऱ्या आपल्या नव्या सायकियाट्री रेसिडेंटांसाठी

मार्चमध्ये अमेरिकेतल्या मॅचचा, म्हणजे रेसिडेन्सीच्या जागावाटपाचा, निकाल लागला की पुण्याहून, नागपूरहून, लातूरहून मेसेज सुरू होतात. "मॅडम, सायकियाट्री मिळाली, पण रोटेशनं बरीचशी व्हीएत आहेत. चालेल ना?" हा "पण" कुठून येतो ते मला ठाऊक आहे. इथल्या आपल्याच सीनियर मंडळींनी सांगून ठेवलेलं असतं: व्हीए म्हणजे सरकारी दवाखाना, संथ कारभार, जुनाट कॉम्प्युटर, साडेचारला सगळं सामसूम. यातलं कॉम्प्युटरचं खरं आहे. बाकीचं सांगणाऱ्यांनी बहुतेक वेळा तिथे एखादा महिना काढलेला असतो, तोही कार्डिओलॉजीच्या फेलोशिपवर डोळा ठेवून.

व्हीए म्हणजे व्हेटरन्स अफेअर्स, अमेरिकेच्या माजी सैनिकांसाठी केंद्र सरकार स्वतः चालवतं ती ही आरोग्यसेवा. सुमारे १७० मोठी रुग्णालयं, हजाराहून जास्त बाह्यरुग्ण केंद्रं, नाव नोंदवलेले ९० लाखांच्या आसपास लोक. सरकारी आरोग्यसेवेचं नाव काढलं की अंगावर काटा येणाऱ्या देशात, इमारत सरकारची आणि डॉक्टर सरकारी पगारावर अशी ही व्यवस्था खुशाल चालते आणि त्यात कोणाला विसंगती दिसत नाही. मेडिकल कॉलेजांशी तिची जोडणी १९४६ पासूनची. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्यांसाठी सायकियाट्रिस्ट पुरेनात, तेव्हा कॅन्ससमधल्या टोपेकाला विंटर व्हीए हॉस्पिटलात मेनिंजर या सायकियाट्रिस्ट घराण्यातल्या मंडळींनी रेसिडेंटांच्या मोठाल्या बॅच घडवल्या. म्हणजे तुम्ही आडवाटेला लागलेला नाहीत, या देशातल्या सायकियाट्रीच्या जुन्या हमरस्त्यावरच आहात.

आता कागदपत्रं. तुमची नोकरी युनिव्हर्सिटीची, पगारही तिचाच. व्हीए तुम्हाला वेगळं नेमणूकपत्र देतं आणि त्यावर "विदाउट कॉम्पेन्सेशन", म्हणजे बिनपगारी, असं लिहिलेलं असतं. दरवर्षी कोणीतरी ते वाचून रात्री दोन वाजता मला फोन करतं. घाबरू नका, पगार बुडालेला नाही.

घाबरायचं असेल तर नावाला घाबरा. आपल्या दहावीच्या सर्टिफिकेटवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं. पासपोर्टवर वडिलांचं नाव कधी गिव्हन नेममध्ये चिकटलेलं, कधी गायब. लग्नानंतर पासपोर्ट बदलला, डिग्री माहेरच्या नावाची. इथे आल्यावर लायसन्सच्या खिडकीवरचा माणूस मधलं नाव स्वतःच्या मर्जीने तोडतो. व्हीएत कॉम्प्युटर उघडायला पीआयव्ही नावाचं चिपवालं ओळखकार्ड लागतं. ते मिळायला बोटांचे ठसे, पार्श्वभूमीची तपासणी आणि दोन ओळखपत्रं लागतात, आणि त्या दोन्हींवरचं नाव जुळावं लागतं. माझ्या माहितीतल्या एका मुलीच्या सोशल सिक्युरिटी कार्डावर सासरचं आडनाव होतं आणि पासपोर्टवर माहेरचं. पीआयव्ही कार्ड अडकलं. कार्ड नाही म्हणून लॉगिन नाही, लॉगिन नाही म्हणून ना ऑर्डर लिहिता येत ना नोट. बाकीचे रेसिडेंट पेशंट तपासत होते आणि ही त्यांच्या मागे वही घेऊन उभी. ते रोटेशन वर्षअखेरीला पुन्हा करावं लागलं, त्यात साठवलेली सुट्टी गेली आणि सख्ख्या बहिणीचं लग्न तिने व्हिडिओ कॉलवर पाहिलं. म्हणून सांगते: पासपोर्टवर जे आहे, जसं आहे, त्याच अक्षरांत आणि त्याच क्रमाने सगळीकडे लिहा. व्हीएचा फॉर्म, सोशल सिक्युरिटी, लायसन्स, बँक, सगळं. पासपोर्टच चुकीचा असेल तर तो भारतातच, निघण्याआधी दुरुस्त करून घ्या. वसंतात व्हीएच्या एज्युकेशन ऑफिसमधून ईमेल येतात, ते कंटाळवाणे असतात, त्याच दिवशी उत्तर द्या. ऑनलाइन मँडेटरी ट्रेनिंगही तेव्हाच उरका. आणि नाव. नाव पुन्हा एकदा तपासा.

कार्ड मिळालं की ते गळ्यात. टेबलावरून उठताना रीडरमधून काढून घ्यायचं.

सीपीआरएस ही रेकॉर्डची प्रणाली बघून तुम्हाला कॉलेजातल्या कॉम्प्युटर लॅबची आठवण येईल. राखाडी खिडक्या, टॅब खालच्या बाजूला. काही केंद्रांत नवी प्रणाली आली आहे, बहुतेक ठिकाणी अजून हीच. पण दोन दशकांपूर्वी दुसऱ्या राज्यात लिहिलेली नोट तुम्हाला इथे वाचता येते, आणि ही सोय बाहेरच्या चकचकीत हॉस्पिटलांत सहजी मिळत नाही. पहिल्या भेटीआधी जुन्या नोट्स वाचायला वेळ काढा. ज्या रेकॉर्डशी तुमचा संबंध नाही ते उघडू नका. कोण कधी काय उघडतं त्याची नोंद राहते.

नोट लिहिताना हे धरून चाला की पेशंट ती वाचणार आहे. माय हेल्दीव्हेट या व्हीएच्या ऑनलाइन सेवेवर ती त्याला दिसते. शिवाय अपंगत्वाच्या भरपाईच्या दाव्यात तीच नोट पुरावा म्हणून जाऊ शकते. लष्करी सेवेमुळे झालेल्या आजाराला दहा-दहाच्या टप्प्यांनी शंभर टक्क्यांपर्यंत रेटिंग मिळतं आणि त्यावर दरमहा रक्कम ठरते. त्यामुळे कधीतरी पेशंट म्हणेल, "डॉक, एवढं लिहून द्या." दाव्याची तपासणी वेगळी असते, तपासणारे वेगळे असतात. हे न चिडता सांगायचं. आपल्याकडचे काही जण लगेच कुजबुजतात, "सगळे पैशासाठी नाटक करतात." असं म्हणणाऱ्याला मी एकच विचारते: तुमच्या गावच्या निवृत्त सुभेदाराने पेन्शनसाठी हेलपाटे घातले तेव्हा त्यालाही नाटकी म्हणालात का?

तसंही, सुभेदाराचं चित्र घेऊन आलात तर फसाल. सातारा-कोल्हापूरकडची मुलं म्हणतात, "आमच्याकडे घरटी फौजी, आम्हाला माहितीये." तिकडचा माजी सैनिक बहुधा पूर्ण नोकरी करून पेन्शनवर आलेला. इथे चार वर्षं करून बाहेर पडलेली २४ वर्षांची पोरगीही व्हेटरन असते आणि तिला पेन्शन नसते, त्यासाठी साधारण २० वर्षांची नोकरी लागते. तिच्यावर लष्करातच लैंगिक अत्याचार झाला असेल तर त्याचे उपचार व्हीएत मोफत आहेत, तेव्हा तक्रार नोंदवली नसली तरीही. असा अत्याचार झाला का, हा प्रश्न इथे प्रत्येकाला विचारतात, पुरुषांनाही. विचारताना नजर स्क्रीनवर ठेवू नका.

आर्मी, नेव्ही, मरीन, एअर फोर्स, कोस्ट गार्ड यांतला फरक पहिल्या आठवड्यात शिका. मरीनला सोल्जर (हा आर्मीवाल्यांचा शब्द) म्हणालात तर पुढची पंधरा मिनिटं गेली. "युद्धात काय पाहिलंत?" असं पहिल्याच दिवशी विचारू नका. "काम काय होतं तुमचं?" विचारा. ट्रक चालवला, स्वयंपाक केला, रेडिओ सांभाळला, यातून गाडी आपोआप पुढे जाते. मे महिन्यातल्या मेमोरियल डेला "हॅपी" म्हणू नका, तो मेलेल्यांचा दिवस. जिवंतांचा ११ नोव्हेंबर. आणि तुमचं वर्ष १ जुलैच्या आसपास सुरू होतं, म्हणजे आल्या आल्या ४ जुलै. सगळा देश फटाके उडवतो तेव्हा तुमचे काही पेशंट तळघरात कानात बोळे घालून बसतात. त्या आठवड्यात भेटणाऱ्या प्रत्येकाला विचारा, त्या रात्री काय करणार आहात.

खोलीत खुर्च्या कशा मांडल्यात ते बघा. व्हिएतनाम युद्धातून आलेले बरेच आजोबा अजून भिंतीला पाठ आणि दाराकडे तोंड करून बसतात. दार त्यांना दिसेल आणि तुमचाही रस्ता मोकळा राहील अशी मांडणी करा. त्यांनी आजवर पुष्कळ रेसिडेंट पाहिलेत. "तू माझा नववा," असं एक जण माझ्या रेसिडेंटला हसत म्हणाला. दर जुलैला नवा डॉक्टर, पुन्हा पहिल्यापासून तीच कहाणी. त्यामुळे पहिल्या भेटीत औषधं फिरवू नका. क्लोनाझेपाम, ही बेन्झो गटातली शांत करणारी गोळी, वर्षानुवर्षं चालू असते. व्हीएची मार्गदर्शक तत्त्वं पीटीएसडीत (भीषण अनुभवानंतरच्या मानसिक आजारात) बेन्झो देऊ नका म्हणतात आणि बरोबरच म्हणतात, पण गोळी एकदम बंद केलीत तर फिट्स येऊ शकतात आणि विश्वास कायमचा जातो. आधी ओळख, मग हळूहळू कमी. गोळ्यांपेक्षा प्रोलॉन्ग्ड एक्स्पोजर आणि सीपीटी (कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी) या पीटीएसडीवरच्या बोलण्याच्या थेरपी नीट शिका. व्हीएइतकं याचं शिक्षण दुसरीकडे मिळणं कठीण. आपली मुलं फार्माकोलॉजीत पक्की आणि थेरपीत बुजरी असतात, हे मी दरवर्षी बघते.

आता ज्यासाठी खरं तर लिहायला बसले ते. बंदूक.

महाराष्ट्रात शिकलेला डॉक्टर हा प्रश्न विचारत नाही, कारण तिथे तो विचारायची वेळच येत नाही. इथे माजी सैनिकांच्या आत्महत्यांपैकी दहांत सुमारे सात बंदुकीने होतात. नवे रेसिडेंट चेकलिस्टवर "शस्त्र: नाही" असं टिक करून मोकळे होतात, कारण विचारताना त्यांना आपणच आगाऊपणा करतोय असं वाटतं. विदर्भ-मराठवाड्यातून आलेल्यांनी आठवून बघा. निराश शेतकरी आणि त्याची बायको समोर बसलेत, तुम्ही विचारता ना, "फवारणीचं औषध कुठे ठेवता? चावी कोणाकडे?" तेव्हा संकोच वाटत नाही. इथेही तेच विचारायचं आहे. जीव देण्याचा झटका अनेकदा थोड्या वेळाचा असतो, आणि तेवढ्या वेळात हाताशी काय आहे यावर सगळं ठरतं. कीटकनाशक प्यालेल्याला निदान दवाखान्यात आणायला वेळ मिळतो, बंदुकीत तो मिळत नाही.

विचारायचं असं: "घरात बंदुका आहेत का" हे नुसतं नको. "किती आहेत, कुठे असतात, भरलेल्या की रिकाम्या, रात्री उशाशी कोणती?" सहज, साखर किती खाता विचारावं तसं. तो ताठरला तर त्याची भीती समजून घ्या. कोर्टाच्या हुकमाने सक्तीने दाखल झाल्यास केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगायचा हक्क जाऊ शकतो, आणि ही गोष्ट त्याला तुमच्यापेक्षा चांगली ठाऊक आहे. त्याला सांगा की मी जप्त करायला आलेले नाही, वाईट रात्री तुझ्या आणि बंदुकीमध्ये थोडं अंतर असावं एवढंच. केबल लॉक व्हीएत फुकट मिळतात, ड्रॉवरमध्ये ठेवा आणि हातात द्या. बंदुकीच्या गोळ्या वेगळ्या कुलपात, चावी बायकोकडे, किंवा बंदुका काही आठवडे भावाकडे. राज्याचे नियम आधी बघा. हे सगळं सेफ्टी प्लॅनमध्ये, म्हणजे संकटात काय करायचं त्या कागदावर, त्याच्याच शब्दांत लिहा आणि कागद त्याच्या खिशात जाऊ द्या. माजी सैनिकांची क्रायसिस लाइन, म्हणजे संकटातली हेल्पलाइन: फोनवर ९८८, मग १. तुमच्या फोनमध्येही टाकून ठेवा. प्रत्येक व्हीए रुग्णालयात सुइसाइड प्रिव्हेन्शन कोऑर्डिनेटर, म्हणजे आत्महत्या रोखण्याचं काम बघणारा माणूस, असतो. त्याची ओळख पहिल्या आठवड्यात करून घ्या, पहिल्या संकटात नको.

आपल्या रंगाविषयीही बोलायला हवं, कारण महाराष्ट्र मंडळाच्या स्नेहसंमेलनात कोणी बोलत नाही. इराक-अफगाणिस्तानातून आलेला पेशंट तुमची दाढी किंवा चेहरा बघून गप्प होईल, किंवा सरळ विचारेल, "मुस्लिम आहेस का?" आपले लोक यावर घाईघाईने म्हणतात, "नाही नाही, मी हिंदू, मी भारतातला." कृपा करून हे करू नका. शेजारच्या खोलीत तुमची मुस्लिम सहकारी बसलेली असते, आणि तुम्ही तिला त्याच्या तोंडी देऊन स्वतः सुटता. त्याऐवजी विचारा, "माझ्याशी बोलणं अवघड जातंय का? तिकडचं काही आठवतंय का?" पुष्कळदा खरी भेट तिथून सुरू होते. शिवीगाळ झाली तर मात्र ऐकून घेऊ नका. अटेंडिंगला, म्हणजे वरिष्ठ डॉक्टरला, बोलवा, ते त्याचं कामच आहे. आणि वॉर्डात पेशंटसमोर आपापसात मराठी-हिंदी बोलू नका. पॅरानॉइड माणसासमोर तर अजिबात नाही.

किरकोळ: सक्तीने दाखल करण्याचा कायदा राज्याराज्यात वेगळा, आपल्या राज्याचा पाठ करा. गांजा राज्यात कायदेशीर असला तरी व्हीए केंद्राचं आहे, तिथे डॉक्टर त्याची शिफारस करू शकत नाही, आणि रँडम ड्रग टेस्ट तुमचीही होऊ शकते. पेशंटने दिलेलं चॅलेंज कॉइन (लष्करी तुकडीचं आठवणीचं नाणं) प्रेमाने घ्या, महागडी भेट परत करा. डबा न्या.

व्हिसाचं थोडक्यात. जे-१ या प्रशिक्षणाच्या व्हिसावर मूनलाइटिंग (बाहेरची जादा कामं) बंद, कोण काहीही म्हणो. रेसिडेन्सीनंतर दोन वर्षं मायदेशी परतायची अट असते, ती माफ करून घेण्याचा एक रस्ता व्हीएतल्या नोकरीतूनही जातो. आणि एका राज्याच्या डॉक्टरी लायसन्सवर देशातल्या कुठल्याही व्हीएत काम करता येतं. पण नागरिकांना प्राधान्य असतं आणि नियम बदलत राहतात, म्हणून तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला इमिग्रेशनच्या वकिलाला पैसे देऊन विचारा. गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाबरोबर फुकट सल्ला वाटणाऱ्या काकांचा स्वतःचा व्हिसा वेगळ्याच काळातला होता.